झिंथियनवर त्याच्या तयार यादीबाहेरचं वाद्य-प्लगइन बसवताना

झिंथियन हा वाद्यांचे आवाज काढणारा मुक्त-स्रोत सिंथेसायझर रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर, लिनक्सखाली चालतो, त्यामुळे विंडोजची डीएलएल किंवा इंटेलसाठी बनवलेली फाइल तिथे उघडणारच नाही. एलव्ही२ (लिनक्सवर रूढ असलेला प्लगइनचा एक प्रकार) प्रकारातलं, ६४-बिट एआरएम लिनक्ससाठीचंच प्लगइन घ्या.

आधी एसडी कार्डाची पूर्ण प्रत काढा; हे टाळू नकाच. मग '.एलव्ही२' शेपटाचा अख्खा फोल्डर झिंथियनच्या प्लगइन-फोल्डरमधल्या 'एलव्ही२'मध्ये टाका. नुसती '.एसओ' फाइल (प्लगइनचा प्रत्यक्ष चालणारा कोड) पुरत नाही, कारण प्लगइनची ओळख शेजारच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये असते. नंतर वेबकॉन्फमधून (ब्राउझरमध्ये उघडणारं झिंथियनचं सेटिंग-पान) इंजिनांचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या प्लगइनांचा, नव्याने शोध घ्या.

यादीत दिसतंय पण सुरू होत नाही? बहुधा प्लगइनला लागणारी एखादी लायब्ररी (सामायिक कोडची फाइल) कमी असते. एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने आज्ञा देण्याची सोय) '.एसओ'वर 'एलडीडी' (ldd, लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा, 'नॉट फाउंड' लिहिलेल्या ओळी वाचा. आवाज तुटत असेल तर एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची मर्यादा कमी करा.