ट्रेकसाठी हलकी झूम लेन्स घेताय? या चुका टाळा

ट्रेकच्या आदल्या रात्री सॅक भरताना आपण एकेका वस्तूवर वाद घालतो. दुसरा टी-शर्ट हवा का, पातेलं एकच पुरेल का, तांदूळ किती न्यायचे? कॅमेऱ्याची पाळी आली की हा हिशेब थांबतो. "असू दे, लागेल" म्हणत घरात असेल ते सगळं आत जातं. दुसऱ्या दिवशी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दोन्ही हात कातळाला लागलेले असतात, लेन्स सॅकच्या तळाशी असते, आणि कड्यावरचं ऊन पाच मिनिटांत निघून जातं.

ट्रेकसाठी झूम लेन्स निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ मला इथेच दिसतं. आपण लेन्स निवडतो ती दुकानाच्या काउंटरवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर, आणि वापरतो चढाईच्या चौथ्या तासाला, घामेजल्या हातांनी. निवडताना तो चौथा तास डोळ्यांपुढे हवा.

एफ/२.८ चा हट्ट

सर्वांत महाग आणि सर्वांत जड पडणारी चूक हीच. "प्रो लेन्स म्हणजे एफ/२.८" हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की निसर्गचित्रणाला ते अपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) लागतं किती वेळा, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. पायाजवळच्या गवतापासून समोरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर तुम्ही एफ/८ किंवा एफ/११ वरच जाणार. तिथे एफ/४ ची चांगली लेन्स आणि एफ/२.८ ची लेन्स यांच्या फोटोंतला फरक शोधून काढावा लागतो.

वजनातला फरक मात्र शोधावा लागत नाही. सोनीची पहिली २४-७० (ही मिलिमीटरमधली फोकल लेंथ: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ) एफ/२.८ जीएम ८८६ ग्रॅमची आहे आणि त्यांचीच २०-७० एफ/४ जी ४८८ ग्रॅमची. जवळजवळ चारशे ग्रॅम वाचतात. चार जणांच्या खिचडीला एवढे तांदूळ पुरतात. निकॉनच्या झेड माउंटमध्ये (माउंट म्हणजे बॉडीला लेन्स जोडायची जागा) पहिली २४-७० एफ/२.८ ८०५ ग्रॅम आणि एफ/४ बरोबर ५०० ग्रॅम. नव्या एफ/२.८ लेन्स हलक्या होत आहेत हे खरं, सोनीची दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमवर आली आहे, पण त्या हलकेपणाची किंमतही तशीच मोजावी लागते.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, गणित थोडं बदलतं. सिग्माची १८-५० एफ/२.८ सोनीच्या माउंटमध्ये फक्त २९० ग्रॅमची आहे. अशी लेन्स मिळत असेल तर एफ/२.८ जरूर घ्या, माझा विरोध आकड्याला नाही, ओझ्याला आहे.

"मग काजव्यांचं काय? आकाशगंगेचं काय?" पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे टिपायला जाणाऱ्यांचा हा प्रश्न रास्त आहे. तिथे उघडं अपर्चर लागतंच. पण त्या एका रात्रीसाठी वर्षभर जड झूम वाहू नका. एफ/४ ची हलकी झूम आणि सोबत एखादी छोटी, एफ/१.८ किंवा एफ/२ ची प्राइम (झूम न होणारी) लेन्स न्या. रात्रीच्या कामाला ती कोणत्याही एफ/२.८ झूमपेक्षा जास्त प्रकाश घेईल.

कागदावरचं वजन खरं मानणं

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा आणि लेन्स जशी ट्रेकला नेता तशी त्यावर ठेवा. हूड, पुढचं झाकण, मागचं झाकण, फिल्टर, पाउच, सगळ्यांसकट. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ८८६ ग्रॅमची म्हणून घेतलेली लेन्स किलोला टेकली होती. कंपन्या देतात ते वजन बहुधा नुसत्या लेन्सचं असतं. काही टेली झूमच्या बाबतीत तर ट्रायपॉडची कॉलरही त्यात धरलेली नसते.

मोठ्या लेन्सच्या मागे बाकीचं सामानही वाढतं. पुढची काच मोठी म्हणून ८२ मिमीचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लागतो, आणि तो ६७ मिमीच्या फिल्टरपेक्षा बराच महाग पडतो. कॅमेरा पुढे झुकतो म्हणून ट्रायपॉडचं हेड मजबूत हवं, म्हणजे ट्रायपॉडही जड. बॉडी हलकी आणि लेन्स जड असेल तर गळ्यात अडकवलेला कॅमेरा उतरताना पोटावर आपटत राहतो. शेवटी तो सॅकमध्ये जातो आणि एकदा आत गेलेला कॅमेरा मुक्कामापर्यंत क्वचितच बाहेर येतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर क्लिपने अडकवता येईल एवढीच लेन्स घ्यायची, ही अट मी आता पाळतो आणि तिने माझे फोटो खरोखर वाढवले.

क्रॉप सेन्सर विसरणं

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर १८ लिहिलेलं असतं, म्हणून ती भरपूर वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, आहे असं वाटतं. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप बॉडीवर ते फुल फ्रेमच्या २७ मिमीएवढं दिसतं आणि कॅननवर जवळजवळ २९. कोकणकड्याच्या काठावर पोटावर झोपून कॅमेरा डोळ्याला लावा, लगेच कळेल. कड्याची ती आत वळलेली प्रचंड वाटी १८ मध्ये मावत नाही. डावी बाजू घेतली की उजवी सुटते.

इथे २४ आणि २८ मधला फरक समजून घ्यायला हवा. लांबच्या टोकाला चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, वाइडच्या टोकाला ते फार असतात. फुल फ्रेमवर २४ मिमीला आडवं साधारण ७४ अंश दिसतं, २८ ला ६५. लांबचं टोक थोडं कमी पडलं तर फोटो कापून भागतं, पण वाइडला जे चौकटीत आलंच नाही ते नंतर आणता येत नाही. म्हणून झूम निवडताना आधी लहान आकडा बघा, मग मोठा.

क्रॉप बॉडी असणाऱ्यांना स्वस्त आणि हलका उपाय आहे. कॅननची ईएफ-एस १०-१८ एसटीएम २४० ग्रॅमची, निकॉनची एएफ-पी डीएक्स १०-२० २३० ग्रॅमची. दोन्ही प्लॅस्टिकच्या, आणि एफ/८ वर दोन्ही छान काम करतात. निकॉनवाल्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी: एएफ-पी लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही. सेकंड हँड घेताना बरेच जण इथे फसतात.

नवी लेन्स घ्यायचीच नसेल तर कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर ठेवा आणि डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग येऊ द्या. घरी जोडले की १८ मिमीमध्येही कोकणकडा येतो. या कामाचं वजन शून्य ग्रॅम आहे.

निसर्ग म्हणजे फक्त वाइड, हा समज

पावसाळा सरला की सकाळी कळसूबाईच्या माथ्यावरून अलंग-मदन-कुलंगकडे बघा. डोळ्यांना ते त्रिकूट भव्य दिसतं. १६ मिमीमध्ये ते काडेपेटीएवढं होतं आणि बाकी फोटोभर नुसतं आकाश. धुक्यातून एकामागे एक उठणाऱ्या डोंगररांगा, निळ्याच्या पाच-सहा छटा, हे सगळं ७० ते २०० मध्ये आहे. सह्याद्रीचा हा स्वभाव फार जणांच्या फोटोंतून निसटतो, कारण "लँडस्केपला वाइड" असं कोणीतरी सांगितलेलं असतं.

कुणाचाही सल्ला घेण्याआधी आपलेच जुने फोटो फोकल लेंथनुसार लावून बघा. लाइटरूममध्ये हे दोन क्लिकचं काम आहे, आणि बहुतेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटोची फोकल लेंथ दिसते. माझे दोन ढीग निघाले: एक २४ च्या आसपास, दुसरा ७० ते १०५. मधलं सगळं जवळजवळ रिकामं. त्या दिवशी माझा लेन्सचा प्रश्न सुटला. फुल फ्रेमवर २४-१०५ किंवा २४-१२० एफ/४, फुजीवर १६-८० एफ/४ (४४० ग्रॅम), ऑलिंपसवर १२-४५ एफ/४ (२५४ ग्रॅम), माझ्या मते ट्रेकला नेण्यासारखा हाच गट. कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४-७.१ तर ३९५ ग्रॅमचीच आहे. तिचं अपर्चर लांबच्या टोकाला बारीक होतं, पण दिवसा ट्रायपॉडवर त्याने काही बिघडत नाही.

आणि एकच लेन्स हवी असेल तर? टॅमरॉनची २८-२०० (५७५ ग्रॅम) किंवा निकॉनची झेड २४-२०० (५७० ग्रॅम). कोपरे थोडे मऊ येतात, हे मान्य करून घ्या. पण सांदण दरीत कमरेएवढ्या पाण्यातून जाताना, किंवा रतनगडाच्या नेढ्यात (कातळातल्या आरपार भोकात) वारा अंगावर येत असताना लेन्स बदलायची नसते. अशा ठिकाणी एकच लांब पल्ल्याची झूम योग्यच. फक्त या टॅमरॉनमध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही. तुमच्या बॉडीत नसेल तर संध्याकाळच्या प्रकाशात हातावर काढलेले फोटो हलतील.

"वेदर सील्ड" शब्दावर विसंबणं

सह्याद्रीतला पाऊस वरून पडत नाही, घाटमाथ्यावर तो खालून वर येतो. लेन्स सील्ड (सांध्यांतून पाणी-धूळ आत येऊ न देणारी) असली तरी बॉडी सील्ड नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. माउंटपाशी रबराची पातळ कडी आहे का ते बघा, नसेल तर "सील्ड" फार गंभीरपणे घेऊ नका. झूम करताना जिची नळी बाहेर येते अशा लेन्समध्ये आणखी एक धोका असतो. बाहेर आलेल्या नळीवर थेंब बसतात आणि नळी आत घेतली की तेही आत जातात. म्हणून पावसात झूम आत घेण्याआधी नळी कोरड्या पंचाने पुसायची सवय लावून घ्या. फार साधी सवय आहे, पण लेन्स वाचवते.

माझी एक लेन्स मी अशीच गमावली. जुलैतल्या ट्रेकहून आल्यावर ती ओलसर बॅगेतच कपाटात राहिली. दसऱ्याला बाहेर काढली, मागून टॉर्च मारला, तर काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे. बुरशी. साफ करून घेतली, तरी कोटिंगवरचे डाग राहिलेच. तेव्हापासून घरी आल्यावर लेन्स आधी पंख्याखाली, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते सुकवून पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यात लेन्स कॅमेऱ्याच्या बॅगेत कधीही ठेवून देऊ नका, त्या बॅगेचा फोम ओल धरून बसतो.

फोटो मऊ येतायत? लेन्स विकण्याआधी हे तपासा

"लेन्स खराब निघाली" असं म्हणणाऱ्यांचे फोटो मी बघतो तेव्हा बऱ्याचदा दोष भलतीकडेच असतो. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी काढलेले दूरचे डोंगर कोणत्याच लेन्समध्ये स्पष्ट येणार नाहीत, मधल्या हवेत धूळ आणि तापलेल्या हवेची थरथर असते. स्वस्त यूव्ही फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या, कधी कधी सगळा फरक तिथेच पडतो. "सगळं फोकसमध्ये हवं" म्हणून अपर्चर एफ/२२ वर नेलं असेल तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ होतं. क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे जायची सहसा गरज नसते. १८ मिमीला एफ/८ वर साधारण दोन मीटरवर फोकस केलंत तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं. फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवून "अनंत" मिळालं असं समजू नका, बऱ्याच लेन्सची रिंग अनंताच्याही पुढे जाते. ट्रायपॉडवर असताना जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. वारा असेल तर ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका.

आकाश एका बाजूला गडद निळं आणि दुसऱ्या बाजूला फिकट आलंय? तो पोलरायझरचा परिणाम आहे, वाइड लेन्सवर तो असाच दिसतो.

एवढं करूनही शंका असेल तर भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला समांतर ठेवा आणि एफ/५.६ वर फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. तीन कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात आणि चौथ्यात पसरतात, तर आतली काच सरकलेली आहे. झूमच्या दोन्ही टोकांना हे करून बघा. नवी लेन्स घेतलीत तर परत करायची मुदत संपण्याआधीच, ट्रेकच्या आदल्या रात्री नव्हे.

उतरताना नळी आपोआप खाली घसरत असेल तर लेन्सवर लॉकचं बटण आहे का ते पाहा. नसेल तर झूमच्या रिंगवर आणि नळीवर मिळून बसेल असा रुंद रबर बँड लावा.

विकत घेण्याआधी एक गड

पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. दोन दिवसांसाठी घ्या आणि गुंजवण्याकडून चोरदरवाजाच्या वाटेने राजगड चढा. त्या वाटेवर शेवटी हाताने धरून चढावं लागतं, म्हणून परीक्षेला ती चांगली. पद्मावती माचीवर पोचल्यावर दोन गोष्टी मोजा: वाटेत कॅमेरा किती वेळा बाहेर काढला, आणि "आता कोण काढतंय" म्हणून किती वेळा सोडून दिला. रात्री मुक्काम करा, पहाटे सुवेळा माचीवर जा. तिथून पूर्वेला ऊन उगवताना झूमची दोन्ही टोकं वापरून होतील. सोमवारी लेन्स परत करताना ती विकत घ्यायची की नाही हे तुम्हाला दुकानदाराला विचारावं लागणार नाही.