जीपीएस नसताना फुटबॉल प्रॅक्टिसचा लोड असा मोजा

जीपीएसवाले बनियान, हार्ट रेट बेल्ट सगळ्याच टीमना परवडत नाहीत, मग कोणावर किती ताण आला कळणार कसं? वही-पेन पुरतं.

१. प्रॅक्टिस संपून साधारण ३० मिनिटं झाली की प्रत्येक प्लेयरला विचारायचं, आजचं सेशन ० ते १० मध्ये किती जड गेलं (० म्हणजे आराम, १० म्हणजे पार जीव निघाला). लगेच विचारलं आणि शेवटी स्प्रिंट झाले असतील तर आकडा उगाच फुगतो.
२. त्याला मिनिटांनी गुणायचं, ७ सांगितले आणि ९० मिनिटं खेळला तर ६३०.
३. रोज लिहून आठवड्याची बेरीज, बस.

फक्त सगळ्यांसमोर विचारू नका हं, एकाने ५ म्हटलं की बाकीचे पण ५ च म्हणतात!