दात घासण्याचा ब्रश कधी बदलावा

आपल्याकडे खेड्यातल्या बहुतेक घरांत ब्रश मोडला किंवा हरवला तरच नवा येतो. आमच्याही घरी अनेक वर्षे हेच चालले. दांडा शाबूत दिसतो एवढ्यावर वर्षभर तोच ब्रश वापरला जाई. निंबाची काडी मात्र हीच माणसे रोज नवी तोडत असत.

दंतवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला असा आहे, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनचीही शिफारस तीच आहे, की ब्रश दर 3 ते 4 महिन्यांनी बदलावा आणि त्याआधीच केस पिंजले तर तेव्हाच बदलावा. नायलॉनचे केस एकदा वाकून बाहेर पसरले, की दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेपर्यंत त्यांची टोके नीट पोहोचत नाहीत. तिथे चिकट थर साचून राहतो, त्यातले जंतू गोडापासून आम्ल तयार करतात, दात किडू लागतात आणि हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते. म्हणून महिन्यातून एकदा ब्रश उजेडात धरून पाठीमागून पाहावा. केस दांड्याच्या कडेबाहेर डोकावत असतील, मध्येच चपटे बसले असतील किंवा मुळाशी पेस्टचा पांढरा थर घट्ट झाला असेल, तर तारखेची वाट पाहू नये.

तारीख लक्षात ठेवण्यासाठी आम्ही सण धरतो: गुढीपाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत. या चार सणांमधले अंतर साधारण तीन महिन्यांचे पडते, आणि त्या आठवड्याच्या बाजारातून घरातल्या प्रत्येकासाठी एकेक ब्रश आणता येतो. लहान मुले ब्रश चावतात, त्यामुळे त्यांचा लवकर खराब होतो.

महिनाभरातच केस पसरत असतील, तर आपण फार जोर लावतो असे समजावे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पडलेले पिवळे-तपकिरी डाग दाताच्या आवरणातच असतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. ते काढण्यासाठी कडक ब्रश घेणाऱ्यांच्या हिरड्या सोललेल्या पाहून फार वाईट वाटते. ब्रश नेहमी ‘सॉफ्ट’ लिहिलेलाच घ्यावा, हलक्या हाताने दोन मिनिटे, दिवसातून दोनदा वापरावा.

वापरून झाल्यावर तो स्वच्छ धुऊन उघड्यावर, केस वर करून उभा ठेवावा. ओला ब्रश बंद डबीत ठेवला की जंतू वाढतात, आणि पावसाळ्यात तर तो वाळतच नाही. सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात कोंबू नयेत. एकमेकांचा ब्रश तर कधीच वापरू नये, नवराबायकोनेही नाही; ओळखीसाठी दांड्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधावा.

जुना ब्रश समई किंवा कंगवा घासायला कामी येतो. तेवढ्यासाठी ठेवायचा असेल, तर त्याच्या दांड्यावर विळ्याने खाच पाडावी आणि तो न्हाणीत न ठेवता भांडी घासण्याच्या जागी ठेवावा.