अँप चालू होत नाही? खोलण्याआधी या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्या बेळगावात गाडीच्या अँपची, म्हणजे गाण्यांचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची, कामं एकदम वाढतात. गणपती तोंडावर आलेले, पोरांना घाई झालेली, आणि खानापूर-जांबोटीकडच्या गाड्या आषाढभर भिजून आलेल्या. येणारा निदान सोबत घेऊनच येतो, "मामा, अँप गेलाय, लाइटच लागंना." तपासलं तर त्यातले बरेच अँप धडधाकट निघतात.

अँप उठायला तीन गोष्टी लागतात: बॅटरीचा प्लस, बॉडीचा अर्थ (गाडीच्या पत्र्यातून मिळणारा मायनस) आणि रिमोटच्या वायरवर, म्हणजे गाण्यांचा सेट लावला की अँपला उठवणाऱ्या वायरवर, बाराच्या आसपास व्होल्ट. तिन्ही अँपच्या टर्मिनलवरच मोजा. बॅटरीवर 12.6 दिसले म्हणून डिकीतही तेवढेच आले असतील, असं धरून चालू नका.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो अर्थचा. सीटच्या बोल्टखाली वायरच्या टोकाचं थिंबल सरकवायचं, नट आवळायचा, झालं काम! खालचा रंग तसाच. रंगातून करंट जात नाही, बोल्टच्या आट्यांतून कसाबसा जातो. मग पावसाळ्यात तिथं गंज धरतो आणि एके दिवशी अँप उठत नाही.

नंदगडकडचा एक पोरगा असाच पिकअप घेऊन आला होता. आधीच्या दुकानात अँप खोलून मॉस्फेट (आतले करंट चालू-बंद करणारे पार्ट) बदलले होते, त्याचे पैसेही घेतले होते, तरी अँप गप्प. पोराकडे मल्टीमीटर होता. टर्मिनलवर 12.4 येतात हे त्यानं मला लावून दाखवलं, आणि आकडा खराच होता. पण मल्टीमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. मी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब त्याच दोन टर्मिनलना लावला. बल्ब पेटला नाही आणि मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. त्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, तेवढाही करंट त्या अर्थमधून जाईना. मग बल्बची अर्थची बाजू काढून घासलेल्या पत्र्यावर टेकवली, तर लख्ख पेटला. म्हणजे प्लस चांगला, दोष अर्थचा. पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, स्टार वॉशर घालून थिंबल आवळलं, वरून ग्रीस लावलं. अँप उठला. मॉस्फेटवर घातलेले त्याचे पैसे मात्र फुकट गेले, आणि ते त्यानं कष्टानं जमवलेले होते. म्हणून सांगतो, बल्बची परीक्षा झाल्याशिवाय कुणालाही अँप खोलू देऊ नका.

अर्थची वायर प्लसएवढीच जाड घ्या आणि अर्ध्या मीटरच्या आत संपवा. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र हात लावायचा नाही. तो माणसाचा जीव वाचवायला आहे.

दुसरी चूक गाडी जाळणारी आहे. फ्यूज उडाला की मोठा घालायचा, नाहीतर तांब्याची तार गुंडाळायची. बॅटरीजवळचा फ्यूज मागे जाणाऱ्या वायरच्या राखणीला असतो. इंजिनकडून आत येताना वायर रबर ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) पत्र्याच्या भोकातून ओढली असेल, तर धक्क्यांनी तिचं कव्हर घासत जातं. चोर्ला घाटातल्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्यांना हे सांगायला नको. वायर पत्र्याला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, आणि मोठा फ्यूज उडण्याआधी कारपेट पेटतं. फ्यूज वायरला झेपेल तेवढाच घाला आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवा. उडाला तर कारण शोधा. ते सापडेपर्यंत गाणी बंद राहिली तरी चालतील.

आणि फ्यूज नुसत्या डोळ्यांनी पारखू नका. काचेच्या फ्यूजची तार टोपीखाली तुटलेली दिसत नाही. होल्डरमधून काढा, मीटरनं तपासा.

रिमोटबद्दल थोडक्यात: सेटच्या मागची निळी-पांढरी वायर अँपची. नुसती निळी अँटेनाची असते; काही सेटमध्ये ती फक्त रेडिओवर जागी होते आणि ब्लूटूथ लावलं की अँप बंद. कंपनीच्या सेटला रिमोट नसेल तर चावीवर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या. सरळ बॅटरीवरून घेतलात तर अँप रात्रभर जागा राहील आणि सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही.

स्वस्त किटमधली वायर खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. मी ती बसवत नाही.

अँप स्टेपनीच्या खड्ड्यात बसवू नका, तिथं पाणी साठतं.

लाल प्रोटेक्टचा दिवा (बिघाड दिसला की अँप स्वतःला बंद करून घेतो, त्याची खूण) लागला असेल तर अँपला वीज मिळते आहे, तेव्हा सुरुवातीलाच प्लस आणि अर्थ उचकटत बसू नका. स्पीकरच्या वायरी आणि सेटकडून गाणं आणणाऱ्या आरसीए वायरी काढून अँप चालू करा. दिवा गेला तर दोष बाहेर आहे. एकेक वायर जोडत जा, सापडेल. वूफरची कॉइल किंवा दाराच्या बिजागरीत चेमटलेली वायर आधी बघा.

सगळं काढूनही आणि बल्बच्या परीक्षेत प्लस-अर्थ चांगले ठरूनही प्रोटेक्ट जात नसेल, किंवा रिमोट न जोडता नुसता प्लस-अर्थ दिल्यावर अँपवरचा फ्यूज उडत असेल, तर दोष आत आहे: पॉवर सप्लायचे मॉस्फेट, आउटपुटचे, किंवा प्लस-मायनस उलटे लागल्यानं शॉर्ट झालेला डायोड. अशा वेळी अँप मेकॅनिककडे न्या आणि काढलेले पार्ट परत मागून घ्या.