बिग ब्लाइंडवर बसल्यावर हातात गुलाम-अठ्ठी

ठाण्याला नौपाड्यात एका मैत्रिणीच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी आमचा पोकरचा डाव बसतो. पंधरा-सोळा जण, दोन टेबलं, प्लॅस्टिकच्या चिप्स. पैसे अजिबात नाहीत. बारा शनिवारांची एक मालिका असते, आणि दर शनिवारी फक्त पहिल्या तिघांना गुण मिळतात. नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की पैसे लावून खेळायच्या वाटेला जाऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदच केले आहेत. हा खेळ शिकायला पैसा लागत नाही, हिशेब लागतो.

मी लहानपणी आजीकडे मेंढीकोट आणि बदामसात खेळून वाढले. तिथे आलेली पानं खेळावीच लागतात. पोकरमध्ये टाकता येतात, आणि मला तेच फार आवडलं. पहिले तीन महिने मी पानं टाकतच राहिले. एक्का, राजा, मोठी जोडी आली तरच खेळायचं. चिप्स मात्र वितळत होत्या आणि कारण कळत नव्हतं.

कारण ब्लाइंड. प्रत्येक डावात बटनच्या (ज्याच्याकडे वाटप असतं ती जागा) डावीकडचे दोघे पानं बघायच्या आधीच चिप्स मधे टाकतात, आधी स्मॉल ब्लाइंड, मग बिग ब्लाइंड. आमच्याकडे सगळ्या टेबलाची अँटी, म्हणजे प्रत्येक डावाला वेगळी भरायची ठरावीक रक्कम, तीही बिग ब्लाइंडवालाच भरतो. ५०० आणि १,००० चे ब्लाइंड, वर १,००० अँटी, म्हणजे टेबलाच्या एका फेरीला २,५०० गेले. हातात २०,००० असतील तर काही न खेळता आठ फेऱ्यांत तुम्ही घरी.

एकदा मी बिग ब्लाइंडवर होते. बटनवरच्या मुलाने रेज केला, म्हणजे १,००० चे वाढवून २,००० केले, स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली. माझ्याकडे बदामाचा गुलाम आणि बदामाची अठ्ठी. मी टाकली. घंटाळीला राहणारे एक काका आमच्यात खेळतात, बँकेतून निवृत्त झालेले. डाव संपल्यावर त्यांनी विचारलं, "का गं टाकलीस?"

"काका, हात फालतू होता."

"तुला अजून किती घालायचे होते?"

"एक हजार."

"आणि मधे किती पडले होते?"

मी मोजलेच नव्हते. त्याचे २,०००, माझे १,०००, स्मॉल ब्लाइंडचे ५००, अँटीचे १,०००. एकूण ४,५००. मी १,००० घातले असते तर पॉट, म्हणजे मधल्या चिप्सचा ढीग, ५,५०० चा झाला असता. म्हणजे साडेपाच वेळांतून एकदा जिंकले तरी बरोबरी, शेकडा १८. बटनवरून माणूस कशावरही रेज करतो, त्याच्यासमोर एकाच रंगाची गुलाम-अठ्ठी त्याहून कितीतरी जास्त वेळा जिंकते. "तू भरलेले हजार आता तुझे नाहीत, ते पॉटचे आहेत," काका म्हणाले. "पण त्यांच्यामुळे तुला पुढचं पान स्वस्तात मिळतंय."

मला साक्षात्कार झाल्यासारखं वाटलं, आणि पुढचे चार शनिवार मी बिग ब्लाइंडवरून सगळंच कॉल केलं, म्हणजे समोरच्याइतक्या चिप्स घालून डावात राहिले. खरं शिक्षण तिथे झालं.

एका डावात टेबलावर सगळ्यात आधी बोलणाऱ्या बाईंनी रेज केला. त्या तासाला दोन-तीन डाव खेळणाऱ्या. माझ्याकडे राजा-चौकी, वेगवेगळ्या रंगांची. स्वस्त म्हणून कॉल. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी मधे उघडलेल्या पाचांतल्या पहिल्या तीन पानांत, राजा आला! त्यांची बेट (त्यांनी लावलेल्या चिप्स) मी कॉल केली, टर्नवरची, म्हणजे चौथ्या पानावरची केली, रिव्हरवरची, म्हणजे पाचव्या पानावरचीही केली. त्यांनी राजा-राणी दाखवली. माझ्या निम्म्याहून जास्त चिप्स त्या एका डावात गेल्या.

घरी येताना राम मारुती रोडवर मी तोच हिशेब पुन्हा पुन्हा करत होते. राजा-चौकी राजा-राणीसमोर साधारण चारातून एकदा जिंकते, म्हणजे पहिला कॉल आकड्यात बसत होता. चूक पुढे होती. ती स्वस्त किंमत फक्त फ्लॉप बघण्याची होती, पुढच्या तीन बेट्सची नव्हती. मधल्या दर्जाच्या हाताचा धोका लागला नाही तर नसतो, अर्धवट लागला तर असतो. मोठ्या पानाची जोडी, पण सोबतचं पान हलकं, ही सगळ्यात महाग पडणारी परिस्थिती. म्हणून आता तसा रेज टेबलाच्या सुरुवातीकडून आला की मी राजा-चौकी टाकते, आणि बदामाची गुलाम-अठ्ठी किंवा सत्ती-छक्की ठेवते. त्यांना लागलं तर नीट लागतं, नाही लागलं तर सोडताना जीव अडकत नाही.

अजून एक गोष्ट नवीन लोकांना पटायला वेळ लागतो. सत्ती-दुर्रीसुद्धा एक्का-राजासमोर, पाचही पानं उघडली तर, तीनातून साधारण एकदा जिंकते. मग ती का नाही खेळायची? कारण पाचही पानं तुम्हाला कोणी फुकट दाखवत नाही. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर तीनातून दोनदा काहीच लागत नाही. बिग ब्लाइंडवरून तुम्ही बटनवाल्याच्या आधी बोलता, तुम्ही चेक करता (काही न लावता पुढे जाता), तो बेट करतो, आणि तुम्ही जिंकू शकला असता असे कितीतरी डाव मधेच सोडता. कागदावरची शक्यता आणि हाती पडणारी शक्यता यांत हे अंतर आहे.

स्मॉल ब्लाइंडबद्दल थोडक्यात. तिथून तोच रेज कॉल करायला १,५०० लागतात, म्हणजे शेकडा २५, आणि मागे बिग ब्लाइंडवाला अजून बोलायचा असतो. तिथे मधले हात मी टाकते, नाहीतर स्वतः पुन्हा रेज करते. नुसता कॉल क्वचित. चिप्स दहा-बारा ब्लाइंडवर (बिग ब्लाइंडच्या दहा-बारा पट) आल्या असतील तर हिशेबच बदलतो. समोर बटनचा रेज आणि माझ्याकडे एक्का-पंजी असेल तर कॉल करून फ्लॉपची वाट बघण्यापेक्षा मी ऑल-इन जाते (सगळ्या चिप्स लावते), कारण समोरचा टाकण्याची शक्यताही तेव्हा माझ्या बाजूने असते.

शेवटचे चार उरले की मात्र वरचे सगळे आकडे पुरे पडत नाहीत. तिघांना गुण, चौथ्याला शून्य. मागच्या महिन्यात एकाकडे जेमतेम तीन ब्लाइंड उरले होते, माझ्याकडे चौदा. सगळ्यात जास्त चिप्स असलेल्याने बटनवरून थेट ऑल-इन केला आणि माझ्याकडे किलवरची राणी-दश्शी आली. तेव्हा जिंकून चिप्स दुप्पट झाल्या असत्या, पण गुण मिळण्याची माझी आशा दुप्पट झाली नसती. हरले असते तर मात्र सगळंच गेलं असतं, तेही तीन ब्लाइंडवाला अजून जिवंत असताना. मी टाकली. तीन डावांनी त्या तीन ब्लाइंडवाल्याने दुप्पट केले, मग पुन्हा दुप्पट केले, आणि चौथी मीच आले. काकांना डाव सांगितला तेव्हा ते म्हणाले, "टाकलीस ते बरोबरच."

सराव घरी करा. पत्ते पिसा, स्वतःला दोन पानं वाटा, आणि फ्लॉप उघडायच्या आधी वहीत लिहा: रेज कुठून आला असं धरलंय, मधे किती, मला किती घालायचे, फ्लॉपवर काय आलं तर सोडणार. शेवटचा रकाना आधी भरायचा, पानं दिसल्यावर नाही. माझ्या वहीतल्या पहिल्या तीस डावांत जोडी किंवा त्याहून बरं काही अकरा वेळा लागलं, आणि त्यातल्या सहा वेळा माझ्या त्या रकान्यात "तरी सोडणार" असं लिहिलेलं होतं.