लेबल झाकून दक्षिण अमेरिकी रेड वाइनची तुलना

बाटल्या झाकणं सोपं असतं, अवघड असतं ते निवडणं. अर्जेंटिनातल्या मेंडोझाची दीड वर्ष ओकच्या पिंपात मुरलेली माल्बेक आणि चिलीची स्टीलच्या टाकीतली साधी कार्मेनेर (दोन्ही द्राक्षांच्या जाती) शेजारी ठेवली, तर पाहुणे द्राक्षांची नव्हे, लाकडाची तुलना करतील. म्हणून आधी एक ठरवा: फरक द्राक्षांचा शोधायचा की प्रदेशांचा? बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवा. किंमत जवळपास तीच, द्राक्षतोडणीच्या वर्षांत दोनपेक्षा जास्तीचं अंतर नको, आणि ओक एकतर सगळ्यांत असावा किंवा कशातच नसावा.

पहिल्या खेपेला द्राक्षांचा फरक घ्या. पाच बाटल्या पुरतात, सहाच्या पुढे जीभ थकते:

चिलीच्या इताता किंवा मौले खोऱ्यातली पाईस
मेंडोझाची माल्बेक
चिलीच्या कोल्चाग्वा किंवा काचापोआल खोऱ्यातली कार्मेनेर
चिलीच्या माइपो खोऱ्यातली काबेर्ने सोव्हिन्यों
उरुग्वेच्या कानेलोनेसची तन्नात

सहावी घ्यायचीच, तर यांपैकी एकीचीच दुसरी बाटली गुपचूप घाला. एकाच वाइनला कुणी पहिला आणि पाचवा क्रमांक दिला, तर बाकीच्या क्रमांकांवर किती भरवसा ठेवायचा हे लगेच कळतं. आमच्या मते कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा ही जोड जास्त शिकवते.

750 मिलीच्या बाटलीतून आठ जणांना प्रत्येकी 50 मिली दिली, तर 400 मिली संपते आणि थोड्या लहान दुसऱ्या फेरीपुरती उरते. ग्लास एकाच आकाराचे, वरच्या बाजूला निमुळते हवेत. जमलं तर माणशी पाच ग्लास मांडा. पहिल्या वाइनकडे परत जाता आलं नाही तर ती तुलना राहत नाही, आठवणींची परीक्षा होते. थुंकायला प्रत्येकाला अपारदर्शक पेला द्या. सोबत पाणी आणि साधा पाव पुरे. चीज नंतर: त्यातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धतेमुळे तुरटपणा झाकला जातो आणि तन्नात उगाच मवाळ वाटते. अत्तर लावून येऊ नका, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला वाढा. 20 च्या वर गेली की अल्कोहोल नाकाला झोंबतं, आणि यातल्या बऱ्याच वाइन 14 टक्क्यांच्या आसपास असतात. फार गार असेल तर वास दबतो आणि टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारा तुरट घटक, बोचतं. खोली उबदार असेल तर बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तन्नात दीड-दोन तास आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागू देणाऱ्या रुंद काचपात्रात) ओता आणि बाटली पाण्याने विसळून, निथळवून पुन्हा भरा. पाईसला याची गरज नाही.

झाकायचं काम दोघांत वाटा. पहिल्याने बूच काढून प्रत्येक वाइन हुंगायची (ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती बाटली बाद), तोंडावरचं वेष्टन पूर्ण काढायचं आणि जाड कागदी पिशवी गळ्यापर्यंत रबरबँडने आवळायची. स्क्रूकॅपचे आटेसुद्धा पिशवीत लपले पाहिजेत. मग दुसऱ्याने त्या अदलाबदल करून क्रमांक टाकायचे, पण तन्नात कोणती ते विचारून ती शेवटी ठेवायची. ती मध्ये आली तर पुढच्या वाइनला न्याय मिळत नाही. ओतायचं काम एकानेच करावं, कारण जड काचेची बाटली हातात आली की ती भारी वाइन असणार, असं मन ठरवून टाकतं.

प्रत्येक वाइनला चार मिनिटं द्या, आणि ती पूर्ण शांततेत. आधी लिहायचं, मग बोलायचं. पहिला आत्मविश्वासाने बोलणारा माणूस सगळ्यांची चव बदलून टाकतो. गुणांऐवजी क्रमांक घ्या, कारण एकाचे सहा म्हणजे दुसऱ्याचे आठ असू शकतात. ज्या वाइनच्या क्रमांकांची बेरीज सर्वांत कमी, ती पुढे.

ओळखायचं कसं? पाईस रंगाने फिकी आणि अंगाने हलकी असते. माल्बेक गडद जांभळी, आलुबुखार आणि वायलेट फुलांच्या वासाची, टॅनिन मऊ. कार्मेनेरमध्ये ढोबळी मिरचीचा वास शोधा. तो पायराझिन नावाच्या संयुगांचा असतो आणि द्राक्षं लवकर तोडली तर जास्त जाणवतो. हाच वास काबेर्नेतही येतो, म्हणून सर्वाधिक चुका इथे होतात. अशा वेळी तोंडातल्या पकडीकडे लक्ष द्या: काबेर्नेचं टॅनिन घट्ट, कार्मेनेरचं सैल आणि आंबटपणाही कमी. माइपोच्या काबेर्नेत पुष्कळदा पुदिना-निलगिरीचा गारवा असतो. कार्मेनेरला मेर्लो (द्राक्षाची दुसरी जात) म्हटलं गेलं तर फार वाईट वाटून घेऊ नका. 1994 मध्ये फ्रेंच द्राक्षवेल-तज्ज्ञ जाँ-मिशेल बूर्सिको यांनी ओळख पटवेपर्यंत चिलीच्या मळ्यांत ती मेर्लो म्हणूनच वाढत होती. तन्नात हिरड्यांवरच्या तुरटपणाने स्वतःच ओळख देते.

पिशव्या काढण्याआधी सगळे कागद गोळा करा, नाहीतर अंदाज हळूच खोडले जातात. उरलेल्या वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या हवेत थोड्या उबदार होऊ देऊन पुन्हा चाखा. पाईस बहुधा उतरलेली असते, तन्नात मात्र पुष्कळदा आदल्या दिवसापेक्षा मोकळी लागते. तेव्हा तिचा क्रमांक पुन्हा एकदा लिहून काढा.