जुना पीएलसी उतरवण्याआधी

रबाळे स्टेशनाबाहेर सकाळची गर्दी दोन बाजूंना फुटते. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा असलेले काचेच्या इमारतींकडे वळतात, सेफ्टी शूज घातलेले एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडकडे. चौदा वर्षांपूर्वी मी शेडकडे वळलो तो अजून तिकडेच आहे. काम सांगायला सोपं आहे: कारखान्यांतले म्हातारे झालेले पीएलसी, म्हणजे मशिनं चालवणारे छोटे औद्योगिक कॉम्प्युटर, काढायचे आणि त्यांच्या जागी नवे बसवायचे. डिप्लोमा किंवा डिग्री संपवून या लाइनीत येऊ पाहणारी मुलं मला विचारतात, कोणता कोर्स करू? कुठलाही एक करा, फारसा फरक पडत नाही. बाकी जे आहे ते कोर्सनंतरचं आहे.

क्लासमध्ये ट्रॅफिक सिग्नलचा प्रोग्राम शिकवतात, बाटली भरण्याचा शिकवतात. टेबलावर नवा पीएलसी, समोर कोरा स्क्रीन. आमच्या कामात कोरं काहीच नसतं. पॅनलचं दार उघडलं की पंचवीस-तीस वर्षांत हात लावून गेलेल्या प्रत्येकाची कारागिरी दिसते. राखाडी वायरींत घुसवलेली एक लाल वायर, फेरूलच्या (वायरीवरच्या छापील नंबराच्या) जागी चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेला नंबर, कोपऱ्यात कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसलेला एक रिले (विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा स्विच), आणि फॅनच्या जाळीत कुठल्यातरी दसऱ्याच्या हारातली वाळलेली झेंडूची पाकळी.

माझा पहिला पॅनल महापेच्या एका रसायन कारखान्यातला, सीमेन्सचा एस-५. ही मालिका १९७९ साली आली, १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिची जागा एस-७ ने घेतली. त्या एस-७ मधली ३०० मालिकाही १ ऑक्टोबर २०२३ पासून बंद व्हायला लागली, सुटे भाग तेवढे २०३३ पर्यंत. ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ २०१७ मध्येच बंद झाला. तुम्ही आज क्लासात जे मॉडेल शिकताय ते निवृत्तीआधी तुम्हालाच उतरवावं लागेल, अशी दाट शक्यता आहे.

साहेबांनी प्रोग्रामची प्रिंट हातात दिली. त्यात 'यू ई ३२.१', खाली '= ए ४.०' अशा शेकडो ओळी. 'ए' म्हणजे अँड (दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच पुढे), असं धरून मी अख्खा दिवस डोकं फोडलं. संध्याकाळी कळलं की प्रोग्राम जर्मन संकेतांत आहे. तिथे अँडला 'यू' आणि इनपुटला 'ई', आउटपुट म्हणजे आउसगांग म्हणून 'ए'. इंग्रजी संकेतांत मात्र हाच 'ए' अँड असतो आणि आउटपुटला 'क्यू' म्हणतात. वर आणखी एक गंमत. सीपीयूतून प्रोग्राम अपलोड केला तर नुसता कोड येतो; कॉमेंट आणि सिग्नलची नावं येत नाहीत, ती लिहिणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर राहतात. तो कॉम्प्युटर कंत्राटदाराच्या कुर्ल्याच्या ऑफिसात, तळमजल्यावर होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या कॉमेंट मिठी नदीच्या पाण्यात गेल्या.

बॅकअपचं महत्त्व सगळेच सांगतात, मला ते १२ ऑक्टोबर २०२० ला पटलं. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. दुपारी वीज आली आणि एका कारखान्यातून फोन: "पीएलसी रनमध्ये येत नाहीये." त्या पिढीच्या सीपीयूत प्रोग्राम रॅममध्ये असतो, आणि वीज नसताना रॅमला जिवंत ठेवतो एक लिथियम सेल. सेल संपत आल्याचा दिवा कित्येक महिने पेटलेला होता. रात्रपाळीत डोळ्यांवर येतो म्हणून कुणीतरी त्यावर काळी टेप लावली होती! ईप्रॉम (विजेविना प्रोग्राम जपणारी चिप) होता, पण त्यात कारखाना उभा राहिला तेव्हाचा प्रोग्राम. नंतर वाढवलेल्या दोन टाक्या त्याच्या गावीही नव्हत्या. चार दिवस प्लांट बंद. तेव्हापासून नव्या साइटवर गेलो की मी आधी बॅकअप घेतो आणि मग सेल बदलतो, तोही पॅनल चालू असताना. वीज बंद करून सेल काढलात तर प्रोग्राम तुम्हीच पुसलात.

बॅकअप घेणं हेसुद्धा वाटतं तेवढं सरळ नाही. एस-५ चा पोर्ट २० मिलिअँपिअरच्या करंट लूपवर बोलतो, साध्या सीरियल केबलने ऐकत नाही. स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर अर्ध्यावर मान टाकतात. खरा कॉम पोर्ट असलेला एखादा जुना लॅपटॉप जपून ठेवा. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फिरायची सवयही लावून घ्या. तिथल्या काही दुकानदारांना कनेक्टर नुसता दाखवला तरी पुरतं.

या पेट्या म्हाताऱ्या होतात कशाने? मुख्यतः पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरने. ते वाळतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. माहुल-चेंबूरसारख्या ठिकाणी त्यात गंधकाच्या वायूंची भर पडते, तांबं आणि चांदी काळी पडते. पावसाळ्यातल्या दमटपणाबद्दल मुंबईकराला काय सांगायचं. पण म्हणून दिसला जुना की बदला, असं माझं मत नाही. बऱ्याचदा सगळ्यात आधी मरतो तो पीएलसीशेजारचा विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर. त्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ ला संपला, हार्ड डिस्क कुरकुरतेय आणि सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची किल्ली) जुन्या पॅरलल पोर्टात. आधी तो बदला, पॉवर सप्लाय नवे घाला, सीपीयूला पाच वर्षं मिळतात. मालक खूश होतो, आणि तुम्हाला प्लांट समजून घ्यायला वेळ मिळतो. या कामात तो वेळच सगळ्यात महाग आहे.

तो कोपऱ्यातला रिले. महापेच्या पॅनलमध्ये मी तो काढून टाकला. ड्रॉइंगमध्ये नाही, आय/ओ लिस्टमध्ये (इनपुट-आउटपुटच्या यादीत) नाही, टाकीच्या लेव्हल स्विचचा ११० व्होल्ट एसी सिग्नल नुसता याच्यातून फिरून इनपुट कार्डावर जातोय. नवं कार्ड ११० व्होल्ट थेट घेतं, मग मधे हा कशाला? वायर सरळ जोडली, स्वतःवर खूश झालो. दोन दिवसांनी टाकी भरली, स्विच उघडला, पण इनपुटचा दिवा विझेना. पंप चालूच. ऑपरेटर काका धावत गेले आणि हाताने पंप बंद केला, म्हणून टाकी ओसंडली नाही.

मल्टिमीटर लावला तर स्विच उघडा असताना वायरीवर साठेक व्होल्ट. टाकी पार कुंपणापाशी, तीनशे मीटर केबल, आणि त्याच केबलमधल्या शेजारच्या वायरींत सतत ११० व्होल्ट. दोन वायरी इतका लांब पल्ला एकमेकींना चिकटून गेल्या की कपॅसिटरसारख्या वागतात, एकीवरचा एसी दुसरीत उतरतो. या चोरट्या व्होल्टेजमागे दम नसतो. रिलेच्या कॉइलसारखा थोडा जास्त करंट ओढणारा लोड लावला की ते बसतं. नवं कार्ड जेमतेम काही मिलिअँपिअर ओढतं, त्यामुळे त्याला ते खरं वाटतं. रिले होता तोवर तो मुकाट्याने हे काम करत होता.

काका चहा पिताना म्हणाले, "साहेब, तो रिले मीच लावला होता. टाकी तिकडे हलवली तेव्हा. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मी विचारलं नव्हतं. आता मी कारखान्यात पहिले काही दिवस लॅपटॉप उघडतच नाही. ड्रॉइंग घेऊन एकेक वायर टर्मिनलपासून फील्डपर्यंत शोधतो, आणि जुन्या इलेक्ट्रिशियनबरोबर जेवतो. ज्या वस्तूचं कारण सापडत नाही, तिच्यावर पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीचं उत्तर मिळेपर्यंत ती वस्तू हलत नाही.

असंच वेगाचं. जुन्या सीपीयूची एक फेरी (इनपुट वाचून, प्रोग्राम चालवून, आउटपुट देणं) ऐंशी-नव्वद मिलिसेकंदांची असायची, नव्याची तीन-चार. जुन्या प्रोग्रामरने एका फेरीपुरता आउटपुट देऊन कॉन्टॅक्टर (मोटर चालू करणारा मोठा स्विच) उचलला असेल, तर नव्यात तोच कोड अक्षरशः तसाच ठेवलात तरी कॉन्टॅक्टर नुसता कुरकुरेल. कोड आपोआप रूपांतरित करणारी साधनं हे पकडत नाहीत. त्यांनी बनवलेला प्रोग्राम चालतो, पण रात्री तीनला तो वाचायची वेळ आली की तुम्हाला माझी आठवण येईल.

नवा पीएलसी काही दिवस जुन्याच्या शेजारी ठेवावा. त्याला इनपुट सगळे द्यायचे, आउटपुट एकही नाही. नुसतं बघू द्यायचं. ही पद्धत मला आवडते, पण ॲनालॉगमध्ये (चालू-बंद नव्हे, कमी-जास्त होणाऱ्या सिग्नलमध्ये) तिने मला एकदा फसवलंय. ४-२० मिलिअँपिअरच्या (४ म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे शंभर) फ्लो ट्रान्समीटरच्या लूपमध्ये जुन्या कार्डाचे २५० ओहम होते, बॅरिअरचे (ठिणगी टाळणाऱ्या सुरक्षा-उपकरणाचे) ३००, त्यात मी नव्या कार्डाचे आणखी २५० घातले. एकूण ८००. सप्लाय २४ व्होल्टचा, ट्रान्समीटरला स्वतःला किमान १२ लागतात. उरलेले १२ व्होल्ट ८०० ओहममधून १५ मिलिअँपिअरच ढकलू शकतात. म्हणजे फ्लो कितीही वाढो, आकडा ६९ टक्क्यांच्या आसपास थांबणार. थांबलाच. ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडत राहिला. ओहमचा नियम दहावीत असतो, आणि मला तो बत्तिसाव्या वर्षी समजला.

प्रत्यक्ष बदल होतो शटडाऊनमध्ये, आणि शटडाऊन बहुधा दिवाळीत. फराळाचा डबा प्लांटवर खायची तयारी ठेवा. हा प्रकार मेगाब्लॉकसारखा आहे: रविवारी दुपारी चारला गाड्या सुटल्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत. १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर मुंबईची लोकल अशाच तुकड्या-तुकड्यांनी, वर्षानुवर्षं गेली. त्यामुळे परतीचा रस्ता आधी ठरवा. 'पहाटे चारपर्यंत इतके लूप तपासून झाले नाहीत तर जुन्यावर परत' हे कागदावर लिहून त्यावर प्लांट मॅनेजरची सही घ्या. पहाटे चारला, डोळे चुरचुरत असताना, 'अजून अर्धा तास द्या, होईल' असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटतं. पीएलसी-५ मध्ये वायरी एका झुलत्या आर्मवर असतात आणि नव्या रॅकसाठी तोच आर्म पकडणारे किट मिळतात, तिथे परत फिरणं सोपं. बाकी ठिकाणी एकेक स्क्रू.

सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्राला सांगू नका, एवढंच पैशाबद्दल.

उतरवलेली कार्डं भंगारवाल्याला देऊ नका. मालकाला विचारून मी ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर कारखान्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवतो. कळव्याच्या घरातला माळा त्यांनीच भरलाय. बायको दर दिवाळीला साफसफाईत विचारते, हे कधी जाणार? गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला तळोज्याहून एका अनोळखी मुलाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "सर, एस-५ चा पॉवर सप्लाय मिळेल का कुठे?" तिनेच स्टूल आणून दिलं.